पोरांना नाल्यावर नेताना

नवरात्र उलटली. यावल, रावेर, चोपड्याकडचे सातपुड्यातून उतरणारे नाले निवळलेत. पाणी वाहतंय आणि तळही दिसतोय. पोरांना न्यायचं तर हेच दिवस. पुढे थंडी सरेस्तोवर बरेचसे आटून जातात.

नाल्यावर गेलं की मोठी माणसं नावं सांगत सुटतात. हा चतुर, हा करंज. पोरं मान डोलावतात आणि पाहणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा मोजायला लावावं. काठाने 10 मीटर दोरी ताणायची आणि वरच्या टोकाला सालासकट संत्रं सोडायचं. सोललेलं बुडतं, वाळलं पान वाऱ्याने भरकटतं. समजा 25 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 0.4 मीटर. तळाशी पाणी घासत, सावकाश जातं, म्हणून 0.85 ने गुणायचं. रुंदी 2 मीटर आणि सरासरी खोली 15 सेंटिमीटर असेल, तर वेग, रुंदी आणि खोलीचा गुणाकार, म्हणजे सेकंदाला साधारण 100 लिटर. गच्चीवरची 1,000 लिटरची टाकी 10 सेकंदांत भरेल, हा हिशेब मग पोरंच करतात. चूक होते ती खोलीत: सगळे फक्त मधोमध काठी बुडवतात आणि आकडा फुगतो. या काठापासून त्या काठापर्यंत पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी.

मग दगड. खळखळत्या उथळ पाण्यात चहाची मोठी गाळणी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि वरच्या बाजूचा मुठीएवढा दगड हाताने चोळायचा. निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये, नाल्याच्याच पाण्यात. शेपटीला तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही अंगांना सारखे थरथरणारे कल्ले दिसले, तर ती मेफ्लाय नावाच्या किड्याची अळी. पाण्यात प्राणवायू बरा असल्याची ती खूण. नुसतेच लाल, वळवळणारे किडे निघाले आणि दुसरं काहीच नाही, तर वरून कुठलं सांडपाणी येतंय ते शोधावं. चतुराची अळी वेगळ्या वाटीत ठेवावी, नाहीतर ती बाकीच्यांना खाते. ट्रे सावलीत ठेवायचा आणि दहा मिनिटांत रिकामा करायचा. ऑक्टोबरच्या उन्हात तेवढं पाणी लगेच तापतं आणि जीव गुदमरतात. दगड होता तसाच, होता तिथंच ठेवायचा. हे शेवटचं काम हटकून राहतं.

कोरडा नालाही वाया जात नाही. माझ्या मते तोच जास्त शिकवतो. चपटे दगड एकमेकांवर रेललेले दिसतात, त्यांची वरची कड पाणी जातं त्या दिशेला झुकलेली असते. पाण्याचा थेंब नसताना पूर कुठून कुठे गेला ते पोरांना ओळखायला सांगावं. बाभळीच्या फांदीत अडकलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक टेपने मोजलं की पुराची उंची कळते. काळ्या पाषाणातली बारीक भोकं म्हणजे लाव्हा थिजताना अडकलेले वायूचे बुडबुडे. आणि हे पाणी जातं कुठे? तापीत, तिथून उकाई धरण, सुरत, खंबातचं आखात. गोदावरी पूर्वेला वाहते, तापी पश्चिमेला. नकाशावर बोट फिरवल्याशिवाय हे पटत नाही.

शिरपूर पॅटर्नने, म्हणजे पाणी साठावं म्हणून यंत्राने खोल केलेल्या नाल्यात मात्र कुणाला उतरवू नये. काठ उभे असतात, पाणी डोक्यावर असतं, वर यायला धर सापडत नाही. मातीचे कापलेले थर लांबूनच दाखवावेत.

एरवीही पाणी गुडघ्याच्या वर नको, आणि पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. चप्पल वाहून जाते, अनवाणी पायाला काच लागते. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागला की सामान सोडून काठ चढायचा, नाल्याच्या कडेने पळायचं नाही. कापसावर फवारणी चालू असेल तर तो आठवडा सोडून द्यावा. पंप नि ड्रम बऱ्याचदा नाल्यातच धुतले जातात. औषधाची रिकामी बाटली दिसली तर तिला पोरांनी हात लावायचा नाही, साफसफाईच्या नावाखालीसुद्धा.