मामांची वही आणि कुप्याची शिरगणती

आमचे मामा सुट्टीला पंचगंगेवर गळ टाकून बसतात. वहीत तारीख, किती तास बसले, किती चिलापी लागली, एवढं लिहितात. मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून वही माझ्याकडं आली. आठ वर्षांची सरासरी काढली. तासाला एक मासा, पहिल्या वर्षीही आणि आताही.

"बघ, नदीत मासा हाय तेवढाच हाय."

"मामा, बसता कुठं?"

"आधी घाटावर. तिथं लागंना झालं, मग राजाराम बंधाऱ्यावर. आता शिये पुलाकडं."

"गळ किती?"

"आधी एक हुता. आता तीन."

झालं! गळामागं हिशोब धरला तर दर तिसऱ्या हिश्श्यावर आला. शिवाय जिथं मासा उरलाय तिथंच मामा जाऊन बसणार, म्हणजे घाटावरची ओहोटी वहीत दिसणारच नाही.

कुपा, म्हणजे ट्यूना, समुद्रात किती आहे हे बरंचसं असल्याच वह्यांवरून ठरवतात. जपानी लाँगलाइन बोटींच्या १९५० च्या दशकापासूनच्या नोंदी आहेत. एका दोरीला दोन-तीन हजार गळ, आणि शंभर गळांमागं किती मासे, हा दर. २००३ साली मायर्स आणि वर्म या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याच दरावरून लिहिलं की मोठे शिकारी मासे आधीच्या दहा टक्क्यांवर आलेत. जगभर बातम्या झाल्या. कुप्यावर काम करणारे मात्र उखडले. दर कोसळला तो सुरुवातीच्या वर्षांत, तेव्हा पकड थोडी होती. पुढं कित्येक पट मासा काढला, तरी दर तसा पडला नाही. दर पडला म्हणजे मासा घटला असं धरलं, तर एवढ्या थोड्या पकडीत आधीचा मासा गेला कुठं? मला ही शंका बिनतोड वाटते. पण म्हणून मासा भरपूर आहे असंही कुणी समजू नये.

गळाची खोलीही आहेच. १९७० च्या दशकात जपान्यांनी बिगआय कुप्यासाठी दोऱ्या खोल सोडल्या. वरच्या पाण्यातला यलोफिन कुपा गळाला कमी लागू लागला. तो संपला म्हणून नव्हे, गळ त्याच्या खालून गेला म्हणून. त्यामुळं जागा, महिना, खोली, बोट यांचा परिणाम आधी वेगळा काढावा लागतो. आमच्या भाषेत प्रमाणीकरण.

हे सगळं मामांना सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, वहीत शून्य कुठंच नाही.

"मोकळ्या हातानं आलो तर लिवायचं काय त्यात?"

आठ वर्षांची माझी सरासरी पाण्यात. गेल्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा भोपळा मांडला. मामीनं वांगं केलं होतं.