बारा ते चारची वॉच

चारला वॉच, म्हणजे डेकवरची पाळी, संपली. झोपायला हवं, आठला क्लास आहे, पण खालच्या बंकवाला असला घोरतोय की झोप लागणारच नाही, तर म्हटलं लिहून टाकू.

कोचीहून निघून आता चौथा दिवस. आयएनएस तरंगिणी, 54 मीटर, तीन डोलकाठ्या, 20 शिडं, गोवा शिपयार्डात बांधलेली, 1997 ला नौदलात आली म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठीच. आम्ही ट्रेनी 30. गावात सगळ्यांना वाटतं शिडाचं जहाज म्हणजे मस्त वाऱ्यावर चाललोय, पण फेब्रुवारीत कोकण किनाऱ्याने उत्तरेला जायचं म्हणजे दुपारभर वायव्येचा वारा थेट तोंडावर, आणि आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या फार जवळ तोंड करून चालतच नाही, मग शिडं गुंडाळायची आणि बसायचं इंजिनाची घरघर ऐकत. जेवताना ताटाखाली ओला नॅपकिन ठेवायचा नाहीतर डाळ शेजारच्याच्या मांडीवर. पहिले दोन दिवस तर मी जेवलोच नव्हतो, फक्त बादली आणि मी, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुपारी सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढायचं यंत्र. सूर्य बघितला, वेळ लिहिली, आकडेमोड केली आणि माझ्या हिशेबाने जहाज आंबा घाटात निघालं. घड्याळ वाचताना तीन मिनिटांचा घोळ झाला होता, आणि चार मिनिटांना एक रेखांश, म्हणजे समुद्रातून उचलून थेट सह्याद्रीत. चार्टवर तो ठिपका बघून अख्खा क्लास हसला. खरं तर मीपण हसलो.

पण लिहायचं होतं ते रात्रीचं. दीडच्या सुमाराला गालाला उजवीकडून गार वारा लागला, पूर्वेचा, आणि त्यात चक्क भाजवळीच्या, म्हणजे शेतातला पालापाचोळा जाळल्याच्या धुराचा वास! मतलई, जमिनीकडून समुद्राकडे येणारा वारा. हा शब्द शाळेत भूगोलाच्या पेपरात खारे वारे मतलई वारे असा फरक स्पष्ट करा म्हणून दोन मार्कांना लिहिला होता, आणि त्याच्याही आधी आजोबांच्या तोंडून ऐकला होता, ते आमच्या हर्णैला शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, म्हणायचे मतलई सुटली की उठायचं, मग झोप झाली असो नसो.

इथेही तेच झालं, ऑर्डर आली शिडं लावा. अंधारात टॉर्च मारायचा नाही, डोळे दिपतात, फक्त मिणमिणता लाल दिवा, आणि समोर पिनांची, म्हणजे दोर अडकवायच्या खुंट्यांची रांग, प्रत्येक पिनेला एक दोर गुंडाळलेला, सगळे हाताला सारखेच. आजीला लाइट गेल्यावर मिसळणाचा डबा जसा बरोबर सापडायचा तसं हे सापडायला हवं. मी मोजून तिसरा सोडला, सोडायला हवा होता चौथा. शीड खाली आलं पण एका बाजूने कासोटा खोचल्यासारखं वरच अडकून राहिलं. पीओ (पेटी ऑफिसर) साहेब काही ओरडले नाहीत, फक्त माझा हात धरून बरोबर पिनेवर नेऊन ठेवला आणि म्हणाले, आँख से नहीं, हाथ से. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग शीड भरलं, इंजिन बंद झालं. चार दिवसांत पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला. जहाज जरासं डावीकडे कललं आणि चालायला लागलं, साडेचार नॉट्स, म्हणजे सायकलपेक्षाही हळू, पण कुणी काही बोलत नव्हतं.

तीनच्या पुढे उजवीकडे आठ-दहा मैलांवर किनाऱ्याचे दिवे आणि अलीकडे मासेमारीच्या बोटी. चार्टवर बघितलं तर हर्णै. त्यातली एखादी आमच्या आळीतली असणार, नक्की कुठली ते इथून कळायला मार्ग नाही. फोनला रेंज नव्हती. असती तरी आजोबांना काय सांगणार, चुकीचा दोर सोडला म्हणून?

सॉक्स अजून ओलेच आहेत आणि धुवायला पाणी मिळणार नाही, आठला तेच घालायचे.