आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर

आज आटपाडीहून परतताना मुद्दाम स्वतंत्रपूरला गेलो. ही कैद्यांची खुली वसाहत. १९३९ साली औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची. चांगल्या वागणुकीचे कैदी इथे बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात. तीही माणदेशातल्या, पावसानं कायम हूल दिलेल्या जमिनीत! एका दोरीवर शाळेचा छोटा गणवेश वाळत होता. जेलमध्ये हे दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

सारखं अंदमानचं सेल्युलर जेल आठवत होतं. १९०६ साली बांधून पूर्ण झालं. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात तीनमजली इमारती आणि प्रत्येक कोठडीचं तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये म्हणून केवढी बुद्धी खर्ची घातली होती! त्यानंतर तेहतीसच वर्षांनी एका छोट्या संस्थानानं भिंतच काढून टाकली.

कर्ता माणूस आत गेला की घरची माणसं बाहेर राहून शिक्षा भोगतात. मुलांची शाळा सुटते, शेत पडीक पडतं. इथे निदान ते तरी टळतं. येरवडा, पैठणलाही खुली कारागृहं आहेत, पण कुटुंबासह राहता येईल अशा वसाहती जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.