माया, ॲझटेक, इंका: एकाच माळेचे मणी नव्हेत

मेक्सिको आणि पेरू फिरून आल्यापासून ओळखीतलं जो भेटेल तो तिन्ही नावं एका दमात घेतो, माया-ॲझटेक-इंका, जणू एकाच घरातली तीन भावंडं. पिरॅमिड, सोनं, नरबळी आणि शेवटी स्पॅनिश लोक आले आणि सगळं संपलं, एवढीच गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात असते. प्रत्यक्ष तिथे जाऊन उभं राहिलं की कळतं की तिघांचं जग किती वेगळं होतं, आणि म्हणूनच हा लेख लिहितेय, फोटो टाकून 'अप्रतिम ट्रिप' म्हणून सोडून द्यायचं जिवावर आलं.

आधी काळाचा हिशोब सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पलेंके या माया शहराचा राजा पाकाल ६१५ मध्ये गादीवर आला तेव्हा आपल्याकडे बदामीला दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ॲझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली ती परंपरेनुसार १३२५ मध्ये, म्हणजे पाकाल जाऊन सव्वासहाशेहून जास्त वर्षं झाली होती. आणि इंकांचं राज्य खऱ्या अर्थाने पसरायला लागलं ते १४३८ नंतर, पाचाकुती या राजाच्या काळात. ॲझटेक आणि इंका एकाच वेळी भरात होते खरे, पण मेक्सिको सिटीपासून इंकांची राजधानी कुस्को साडेचार हजार किलोमीटरच्या वर आहे आणि या दोन साम्राज्यांचा एकमेकांशी थेट संबंध असल्याचा कुठलाही पुरावा नाही.

मेक्सिको सिटी जुन्या तेनोच्तित्लानच्याच जागेवर उभी आहे. तिथे पहिल्याच सकाळी टेंप्लो मायोर गाठलं. शहराच्या अगदी मध्यात, झोकालो चौक आणि कॅथेड्रलला खेटून हे ॲझटेकांचं मुख्य देऊळ. एका चौथऱ्यावर दोन देवळं होती, एक पावसाच्या त्लालोकचं आणि दुसरं युद्धाच्या वित्झिलोपोच्तलीचं. यात सगळं राज्य आलं बघा, एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला लढाई. प्रत्येक पिढीने जुनं देऊळ पाडायच्या ऐवजी त्याच्यावरच नवीन चढवलं, असे सात टप्पे सापडलेत, आणि लोखंडी पुलावरून चालताना खाली एकाआत एक असलेले जिने स्पष्ट दिसतात.

फेब्रुवारी १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार इथे खोदत होते आणि त्यांना एक कोरीव दगड लागला. तो म्हणजे कोयोलशौकीची शिळा, सव्वातीन मीटर व्यासाची. शेजारच्या म्युझियममध्ये ती आडवी ठेवलीय आणि वरच्या मजल्यावरून खाली वाकून बघता येते, तसंच बघा, कारण खालून काही कळत नाही. कोयोलशौकी ही वित्झिलोपोच्तलीची बहीण, भावानेच तिला मारून तुकडे करून डोंगरावरून खाली फेकली अशी कथा. शिळेवर डोकं, हात, पाय सगळं धडापासून वेगळं कोरलंय, गालावर घंटा, कमरेला सापाचा पट्टा, आणि इतकं सगळं भयानक असूनही रचना अशी की सगळे अवयव गोल फिरताहेत असं वाटतं. ही शिळा जिन्याच्या पायथ्याशी होती आणि वर बळी दिलेल्यांची शरीरं तिच्यावर येऊन पडायची. मी तिथे बराच वेळ थांबले. नरबळी नव्हतेच किंवा स्पॅनिश लोकांनी सगळं रचून सांगितलं असं म्हणायची सोय राहिलेली नाही, २०१५ मध्ये जवळच कवट्यांचा मनोराच सापडलाय. पण फक्त तेवढ्यावरून या लोकांना ओळखणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण हे शहर वसलं होतं तळ्यात! टेश्कोको सरोवरातल्या एका बेटावर, आणि खायला पिकवायचं कुठे, तर उथळ पाण्यात कुंपणं घालून त्यात तळाचा गाळ आणि झाडपाला भरून वाफे तयार करायचे, कडेला विलोची झाडं लावायची म्हणजे मुळं माती धरून ठेवतात. हे वाफे म्हणजे चिनांपा, मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागात त्या आजही आहेत. रंगीत होड्यांमधून गाणी-बियर करत फिरणारी गर्दी टाळायची असेल तर पहाटे शेतकऱ्याची होडी घ्या. आमच्या होडीवाल्या काकांनी लांब दांड्याच्या फावड्याने तळातला काळा गाळ काढून दाखवला, तो वाफ्यावर पसरवून वाळवतात, मग सुरीने चौकोनी वड्या पाडतात आणि प्रत्येक वडीत एक एक बी. शेकडो वर्षं हीच पद्धत चालू आहे आणि वर्षाला अनेक पिकं निघतात. सरोवराचं एका बाजूचं पाणी खारट, म्हणून पंधराव्या शतकात मोठा बांध घालून गोडं पाणी वेगळं केलं होतं. स्पॅनिश लोकांनी पुढे सरोवरच आटवलं आणि आता मेक्सिको सिटी त्या मऊ मातीत खचतेय, कॅथेड्रलची जमीन तिरकी झालेली चालताना पायाला कळते.

ॲझटेकांचं राज्य चाललं खंडणीवर आणि बाजारावर. १४२८ मध्ये तीन शहरांनी युती केली आणि आसपासच्या प्रदेशांकडून कापड, कोको, पिसं, मका असं सगळं वसूल करायला सुरुवात केली, पण जिंकलेल्या राजाला बऱ्याचदा त्याच्याच गादीवर ठेवायचे. त्लातेलोल्कोचा बाजार बघून स्पॅनिश सैनिक थक्क झाले होते, कोकोच्या बिया तिथे सुट्ट्या पैशांसारख्या चालायच्या. आणि याच खंडणीमुळे घात झाला. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५१९ मध्ये आला तेव्हा त्लाश्कालासारख्या शेजारच्या राज्यांतली, ॲझटेकांवर खार खाऊन असलेली माणसं त्याला हजारोंनी मिळाली. १५२० मध्ये देवीची साथ आली, १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. मूठभर गोऱ्यांनी साम्राज्य जिंकलं हे वाक्य कुठे वाचलं की मला राग येतो, लढणारे बहुसंख्य तिथलेच लोक होते.

तिथून दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासच्या जंगलात, पलेंकेला. आणि इथे हवाच बदलते, अक्षरशः, मेक्सिको सिटीची २२४० मीटरवरची थंड कोरडी हवा सोडून तुम्ही घामाच्या धारांमध्ये येता, झाडांवर माकडं ओरडतायत, दगडांवर शेवाळं. माया लोकांचं एक साम्राज्य कधीच नव्हतं, हे लक्षात ठेवलं की अर्धं कोडं सुटतं. तिकाल, कालाकमुल, पलेंके, कोपान, प्रत्येक शहराचा आपला राजा, आपले तंटे, आपल्या सोयरिकी. आणि हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी ते लिहून ठेवलं! या तिघांमध्ये बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहिता येईल अशी पूर्ण लिपी मायांचीच. ॲझटेकांकडे चित्रलिपीच्या पोथ्या होत्या, पण मायांसारखे लांबलचक लेख नव्हते.

पलेंकेच्या 'शिलालेखांच्या देवळात' सहाशेहून जास्त चिन्हं आहेत. अल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाला तिथल्या फरशीत बुचं घातलेली भोकं दिसली, ती फरशी उचलली तर खाली दगडमातीने बुजवलेला जिना. तो उपसायला काही वर्षं गेली आणि १९५२ मध्ये तळाशी पाकालची शवपेटी सापडली, चेहऱ्यावर हिरव्या जेडचा मुखवटा. आतलं दालन पर्यटकांना बंद आहे, पण मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात खरा मुखवटा आणि कबरीची प्रतिकृती आहे, म्हणून ते म्युझियम आधी बघून मगच पलेंकेला या. मला सगळ्यात भिडली ती एक छोटी गोष्ट. शवपेटीपासून जिन्याच्या कडेने एक अरुंद दगडी नळी वर देवळापर्यंत नेलेली आहे, मेलेल्या राजाचा आणि वरच्या जिवंत माणसांचा संबंध तुटू नये म्हणून. परग्रहवासी आणि रॉकेट असल्या थापा त्या शवपेटीच्या झाकणावरच्या कोरीवकामावरून लोक मारतात, त्यापेक्षा ही नळी कितीतरी विलक्षण आहे.

युकातान द्वीपकल्पात चिचेन इत्झा या माया शहरात गर्दी फार, तरी तिथल्या एल कास्तियो या पिरॅमिडसमोर उभं राहून एकदा टाळी वाजवाच, जिन्यावरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो. चारही बाजूंच्या पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५ होतात. युकातानच्या या भागात नद्याच नाहीत, पाऊस चुनखडीतून खाली मुरतो, म्हणून सेनोते म्हणजे जमिनीतले पाण्याचे डोह हेच जीवन, आणि पाऊसदेव चाकचं लांब नाक उश्माल या दुसऱ्या माया शहराच्या भिंतीभिंतीवर. पाऊस कधी येणार याची ज्यांना इतकी चिंता, ते आकाशाचे आणि दिवसांचे हिशोब इतके बारीक ठेवणार यात नवल काय? वीसच्या पटीत मोजायचे, टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य, भारतापेक्षा पूर्ण स्वतंत्रपणे शोधलेलं. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली, आज जेमतेम चार उरल्यात. ते गाव आज अगदी शांत, छान आहे, पण त्या मठासमोर मला नीट उभंच राहवेना.

पेरूत उतरल्यावर कुस्को ३४०० मीटरवर, पहिला दिवस सरळ झोपून आणि कोकाचा चहा पिऊन काढायचा. दुसऱ्या दिवशी हातुन रुमियोक गल्लीत भिंत बघायला गेलो. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड तिथेच, पण त्याच्यासमोरची फोटोंची रांग सोडून जरा पुढे जाऊन बाकीची भिंत बघा. प्रत्येक दगडाचा आकार वेगळा, चुना नाही, माती नाही, आणि सांध्यात नखही जात नाही. आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण होतेच, फक्त इथे दगड सरळ थरांत नाहीत, एकमेकांत कुलूप घातल्यासारखे बसवलेत, आणि भिंत किंचित आत कललेली. १९५० च्या भूकंपात कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिरावर बांधलेल्या स्पॅनिश मठाची पडझड झाली आणि खालच्या इंका भिंती उभ्याच्या उभ्या राहिल्या.

इंकांकडे लिहायची लिपी नाही, ओझं वाहायला चाक नाही, पैसा नाही, म्हणण्यासारखा बाजार नाही. तरी आजच्या कोलंबियाच्या सीमेपासून चिलीपर्यंत राज्य, आणि तीस हजार किलोमीटरच्या वर रस्ते. कसं जमवलं? त्याचं उत्तर मला माचू पिचूत मिळालं नाही, कुस्कोजवळच्या ओयांताइतांबो गावात मिळालं. गावासमोरच्या उभ्या कड्यावर दगडी कोठारं आहेत, मुद्दाम उंचावर, वाऱ्याच्या वाटेवर, म्हणजे धान्य थंड आणि कोरडं राहील. लोकांकडून कर घ्यायचा तो कामाच्या रूपात, रस्ता बांधा, शेत कसा, कापड विणा, आणि सरकारने कोठारं भरून ठेवायची, सैन्याला आणि दुष्काळात लोकांना द्यायची. बटाटा रात्री गोठवून, पायाने तुडवून, उन्हात वाळवला की त्याचा चुनियो होतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. बाजारातल्या आजींनी एक हातावर ठेवला, खडूसारखा हलका.

आणि या सगळ्याचा हिशोब गाठींमध्ये, किपू. लिमाच्या लार्को म्युझियममध्ये एक जवळून बघता येतो, आडवी जाड दोरी आणि तिला लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या, गाठीच्या जागेवरून एकक, दशक, शतक, आणि गाठच नसली तर शून्य. माया मोजायचे वीसात, हे दहात. आकड्यांपलीकडे त्यात गोष्टीही आहेत का, यावर अजून संशोधन चालू आहे आणि मला मनापासून वाटतं की आपल्या हयातीत ते उलगडावं, कारण माया लिपीही १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने वाट दाखवेपर्यंत बरीचशी बंदच होती.

माचू पिचूबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरते. जा, सकाळच्या पहिल्या स्लॉटला जा, आणि नजर डोंगरावरून काढून पायाखालच्या दगडी पन्हाळींकडे वळवा, १६ कारंज्यांमधून एकाखाली एक वाहत जाणारं पाणी आजही चालू आहे.

आता शेवट कसा झाला त्यातही फरक आहेच. इंका सम्राट अताउआल्पा १६ नोव्हेंबर १५३२ ला स्पॅनिश लोकांकडून पकडला गेला आणि वरून खालपर्यंत एका माणसावर बांधलेली यंत्रणा हादरली, तरी विल्काबांबाच्या जंगलात इंका १५७२ पर्यंत लढले. आणि माया? त्यांना हरवायला पकडायचा तरी कोणाला, एक राजाच नव्हता, एक शहर घेतलं की दुसरं उभं. शेवटचं स्वतंत्र माया राज्य, आजच्या ग्वातेमालातलं नोखपेतेन, पडलं मार्च १६९७ मध्ये, तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. संभाजी महाराजांनंतर औरंगजेबाची जी दमछाक झाली तिचं कारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन समजेल.

जाणार असाल तर पेरूसाठी मे ते सप्टेंबर कोरडे महिने, पलेंके-युकातानसाठी डिसेंबर ते मार्च बरे. माचू पिचूची तिकिटं काही महिने आधी काढा. एकाच ठिकाणी जायचं असेल तर लोक माचू पिचू म्हणतील, मी पलेंके म्हणेन, आणि तिथला गाईड शक्यतो स्थानिक माया भाषा बोलणारा घ्या, आमच्याबरोबरचा मुलगा चोल ही माया भाषा बोलायचा आणि आकडे वाचताना टिंब-रेघा बोटाने हवेत काढून दाखवायचा.