वाऱ्याला स्वतःचा सूर नसतो

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरच्या वाटेला लागते, ते दिवस नैऋत्य मोसमी वाऱ्याचे असतात. वाट सर्वसाधारणपणे आग्नेयेकडे जात असल्यामुळे हा वारा बहुतेक वेळ वारकऱ्यांच्या पाठीमागून, उजव्या खांद्यावरून येतो. चालणाऱ्याला त्याची मदतच होते आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मी बासरी वाजवतो आणि शिकवतो. हवा कशी वाहते, कुठे आपटते आणि कुठे फुटते यावर माझा सगळा व्यवहार चालतो. त्यामुळे वारीत अभंगांइतकाच हा वाराही ऐकायचा, असे मी निघतानाच ठरवले होते. दिंडीतल्या टाळकऱ्यांना ही थोडी चैनच वाटली असावी, पण वारीत कोणी कोणाला कशासाठी आलास म्हणून विचारत नाही.

पुण्याहून सासवडची मजल लांब आहे आणि तिच्या शेवटी दिवे घाट चढायचा असतो. घाटाच्या पायथ्याशी पावसाची सर आली आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांनी प्लास्टिकचे कागद अंगाभोवती लपेटले. चढावर वारा वाढत गेला, तसा सर्वांत मोठा आवाज त्या कागदांचा होऊ लागला. तो कर्कश होता, तरी मला तो पखवाजाहून स्पष्ट ऐकू येत होता, कारण वाऱ्याच्या प्रत्येक झोताची चढउतार त्यात जशीच्या तशी उमटत होती. पताका जाड कापडाची, तिला उचलायला वाऱ्याला जोर लागतो. कागदाला झुळूकही पुरते.

माथ्यावर विसाव्याला थांबल्यावर आमचे विणेकरी बुवा मला म्हणाले, “माउली, तुम्ही वारा ऐकायला आलात ना? मग इकडे या.” त्यांनी वीणा गळ्यातून उतरवली नाही, ती वाटेत खाली ठेवायची नसते. त्यांनी फक्त दांडी वाऱ्याला आडवी धरली आणि मला भोपळ्याला कान लावायला सांगितले. तारांना कोणाचेही बोट लागत नव्हते, तरी आत एक अतिशय बारीक, उंच सूर चालू होता. वारा वाढला की तो हळूहळू चढत नसे. एकदम वरच्या दुसऱ्या सुरावर उडी घेई, तिथे काही क्षण टिके आणि पुन्हा खाली येई. तानपुऱ्याच्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, तो गवयांना परिचित असतो. भोपळ्यात ऐकू येणारे सूर त्याच कुळातले होते.

या प्रकाराचे कारण जुने आणि नीट तपासलेले आहे. वारा तारेवरून जाताना तिच्या दोन्ही अंगांनी आळीपाळीने हवेचे भोवरे सुटतात. ते किती झपाट्याने सुटतात हे वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरते. विन्सेन्झ स्ट्रौहाल या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हा संबंध प्रयोगाने दाखवून दिला. विजेच्या खांबावरची ५ मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात साधारण २०० कंपनांचा सूर देते, म्हणजे पुरुषी गळ्याच्या सहज आवाक्यातला. वीणेची तार फार बारीक असल्यामुळे भोवरे पुष्कळ जलद सुटतात आणि त्यांचा वेग तारेच्या स्वतःच्या एखाद्या वरच्या स्वरांशाशी, म्हणजे मूळ सुरासोबत तिच्यात दडलेल्या एखाद्या उंच सुराशी, जुळला तरच ती बोलते, एरवी गप्प राहते. उड्या त्यामुळेच ऐकू येतात. ज्ञानदेवांच्या विरहिणीत मेघाच्या घुणघुणीबरोबर वाऱ्याची रुणझुण येते. मी ती लहानपणापासून सुंदर कल्पना म्हणून ऐकत आलो होतो. भोपळ्याला कान लावल्यानंतर ते निरीक्षण असावे असे वाटू लागले.

त्या दिवसापासून एक विचार माझ्यासोबत चालू लागला. वाऱ्याला स्वतःचा सूर नसतो. मोकळ्या माळावर, कशालाही न अडखळता वाहणारा वारा जवळजवळ मुका असतो, आणि त्याचा म्हणून जो आवाज आपल्याला ऐकू येतो तो बहुतांशी आपल्याच कानाच्या पाळीवर हवा फुटल्याचा असतो. सूर असतो तो अडथळ्याचा: तारेचा, कागदाचा, पानाचा, बासरीच्या मुखरंध्राच्या कडेचा. बासरीतही फुंक निव्वळ फुंकच असते. ती त्या कडेवर दुभंगते तेव्हाच नळीतली हवा बोलायला लागते. हे मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितले आहे, पण सांगताना माझे सगळे लक्ष फुंकेवर असे, कडेवर नसे.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला तेव्हा हाच वारा डोळ्यांना दिसला. ओंजळीतून सुटलेली हळद आधी सरळ वर गेली, मग माणसांच्या डोक्यांच्या वर येताच एका बाजूला कलली आणि घराच्या भिंतीपाशी पोचल्यावर पिवळ्या भोवऱ्यात गोल फिरत राहिली. भिंतीच्या कोपऱ्याला वारा असा वळसा घालतो हे पुस्तकात वाचलेले होते. इथे त्याची कड रंगाने आखून मिळाली. मला बासरीतल्या मींडीची आठवण झाली, कारण तिथेही सूर सरळ जात नाही, कोपरा घेतो.

जेजुरीच्या पुढे वाल्हे आणि नीरेकडे जाताना दोन्ही बाजूंना उघडा मुलूख लागतो. तिथे ध्यानात आले की मागच्या दिंडीचा अभंग आमच्यापर्यंत शब्दांसकट येतो, पण तितक्याच अंतरावर पुढे चाललेल्या दिंडीचे केवळ टाळ ऐकू येतात, तेही तुटक. जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंद आणि वर वेगवान असतो; त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने निघालेला आवाज खाली वाकतो व दूरवर पोचतो, तर वाऱ्याविरुद्ध निघालेला वर उचलला जाऊन कानांवरून निघून जातो. परिणाम असा होतो की चालणाऱ्याच्या कानात स्वतःच्या दिंडीची लय आणि मागच्या दिंडीची वेगळी लय एकत्र नांदतात. झोत आला की मागची वर चढते, ओसरला की ती विरते आणि आपली उरते. कोणा संगीतकाराने कागदावर असे काही लिहिले तर वादक तक्रार करतील. माळावर मात्र त्यात कुठेही गोंधळ वाटत नव्हता. माझ्या वहीत वारीतल्या सर्वांत जास्त नोंदी याच टप्प्याच्या आहेत. पताकेच्या फडफडीत ताल शोधण्याचाही मी बराच खटाटोप केला. रूपक धरला, दादरा धरला, पण सम कधीच आली नाही आणि पताकाधारी आजोबांनी माझ्या चुटक्या पाहून दोनदा मागे वळून पाहिले.

नीरेत पादुकांना स्नान घडल्यावर पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण आणि पुढे माळशिरस हा पट्टा पर्जन्यछायेचा आहे. सह्याद्रीवर पाऊस सांडून आलेला वारा इथे जोरात असला तरी कोरडाच असतो, आणि कोरड्या वाऱ्याचा आवाज अधिक खडबडीत असतो, कारण ओली पाने एकमेकांना चिकटतात आणि सुकी घासतात. उसाच्या फडातून तो करकरत येतो. बाभळीच्या बारीक पानांतून फक्त सुस्कारा उमटतो. पिंपळाचे पान लांब देठावर टांगलेले असल्यामुळे इतर झाडे निश्चल असतानाही ते टाळी देत राहते. रस्ता रुंद करताना या वाटेवरची कितीतरी जुनी झाडे गेली. सावली गेल्याबद्दल वारकरी हळहळतात, ते रास्तच आहे. पण झाडांबरोबर वाटेचा आवाजही गेला. रुंद डांबरी रस्त्यावर वाऱ्याला अडवायला दुभाजकाचा कठडा आणि दिशादर्शक फलक एवढेच उरतात, आणि पत्र्याचा फलक एकच स्वर जाणतो.

वाऱ्याचा सर्वांत मोठा अनुभव मला तरडगावच्या तळावर आला. संध्याकाळी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात आणि हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंचावतात आणि तो सगळा गजर एका क्षणात थांबतो. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला लावलेली शिस्त आजही अशी पाळली जाते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्या संध्याकाळी कोणाची तक्रार नव्हती. टाळ थांबले तेव्हा दिवसभर त्यांच्याखाली दडलेले सारे आवाज एकदम वर आले: राहुट्यांच्या कनाती, ताणलेले दोर, शेकडो पताका, दूरच्या ट्रकवरची ताडपत्री. प्रत्येकीचा सूर वेगळा होता, पण झोत एकच असल्यामुळे सगळ्यांची चढउतार एकत्र होत होती. एवढा मोठा वृंद आणि त्याला एकच श्वास, असे मी कोणत्याही मैफलीत ऐकलेले नाही. मग हरवलेल्या वस्तूंची पुकार सुरू झाली.

पुढच्या वाटेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गोल रिंगणात अश्व धावला तेव्हा धुळीने डोळे मिटावे लागले, आणि वाखरीला पोचल्यावर गर्दी इतकी दाटली की वारा माणसांच्या वरूनच निघून जाऊ लागला.

परतल्यावर मी बासरी आणि दोन पखवाज यांच्यासाठी एक रचना बांधली. दोन्ही पखवाज वेगवेगळ्या लयीत वाजतात. एक श्रोत्यांसमोर बसतो आणि दुसरा त्यांच्या मागे, दूर. बासरीची सुरुवात नुसत्या फुंकेने होते, मुखरंध्र किंचित फिरवून तिला हळूहळू कडेवर आणतो आणि मगच षड्ज उगवतो. माझ्या एका ज्येष्ठ साथीदारांनी हरकत घेतली की फुंक ऐकू येणे हा वादनातला दोष आहे आणि विद्यार्थ्यांना मीच तो काढायला सांगतो. त्यांचे खरे आहे. विद्यार्थ्यांना मी तो पुढेही काढायलाच सांगणार आहे. ध्वनिमुद्रण आम्ही एका मोकळ्या टेकडीवर केले. तंत्रज्ञाने सवयीने मायक्रोफोनवर वारा अडवणारे फोमचे आवरण चढवले, ते मी काढायला लावले. त्याने बराच वाद घातला आणि अखेर काढले, पण या मुद्रणाखाली आपले नाव घालायचे नाही, या अटीवर.