लेन्स वाहून गेली तर सुटलात, राहिली तर बघा

वॉटर स्कीइंग शिकायला लागले तेव्हा मला सगळ्यात मोठी काळजी कसली होती, तर लेन्स पडेल याची. पाय मुरगळेल, नाकातोंडात पाणी जाईल, असलं काही डोक्यातच नव्हतं. दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच नंबर आहे, लेन्स नसली की समोरचा माणूस हसतोय का रागावलाय तेही कळत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी लेन्स घालूनच पाण्यात उतरले आणि सगळा वेळ मनात एकच जप, डोळे मिट, डोळे मिट.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला तुम्ही लाइफ जॅकेटच्या जिवावर पाण्यात गुडघे छातीशी घेऊन तरंगत असता, स्कीची, म्हणजे पायात अडकवलेल्या लांब फळ्यांची, टोकं पाण्याबाहेर, बोटीची दोरी दोन्ही स्कीच्या मधून आलेली, हातात हँडल. बोट ओढायला लागली की उभं राहायच्या आधीचे जे दोन-तीन सेकंद असतात त्यात सगळं पाणी थेट तोंडावर येतं, म्हणजे कुणीतरी पाइपच धरलाय तोंडावर असं वाटतं. लेन्स जायची पहिली जागा ही. दुसरी अर्थात पडताना. आमच्यासारख्या नवशिक्यांना बोट ताशी 30 किलोमीटरच्या आसपास ओढते, स्लॅलमच्या, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणांना (बॉये) वळसे घालत जायच्या, स्पर्धेत पुरुषांसाठी 58 आणि बायकांसाठी 55 पर्यंत जाते, आणि त्या वेगात पाणी अजिबात मऊ लागत नाही, सणसणीत चापट बसते. जपबिप सगळा विसरला जातो आणि डोळे पाण्याखाली उघडतातच, निदान माझे तरी उघडले.

तर तिसऱ्या का चौथ्या वेळी पडले तेव्हा डावी लेन्स गेली. उजवी राहिली. आणि मी खूश! म्हटलं चला, एक तरी वाचली, आणि त्या एका लेन्सवर पुढचा दीड तास मजेत काढला. बाहेर आल्यावर काढायला गेले तर निघेचना. गोंदाने चिकटवल्यासारखी. मी चिमटीत धरून ओढली, पुन्हा ओढली, शेवटी निघाली पण डोळ्यातून असा काही चटका गेला की विचारू नका. रात्री डोळा लालभडक, घळाघळा पाणी, खोलीतला दिवासुद्धा सहन होईना, आणि पापणी मिटली की आत खडा फिरतोय असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी डोळ्यात पिवळट रंगाचा थेंब घातला, निळ्या उजेडात बघितलं, आणि सांगितलं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, ओरखडा आलाय, तो त्या उजेडात हिरवा चमकतो म्हणे. मग मी सगळी कथा सांगितली, एक हरवली, एक वाचली वगैरे. त्या म्हणाल्या, "जी हरवली तिचं मला काही वाटत नाही हो, जी राहिली तिचीच भीती वाटते." मला तेव्हा हे उलटंच वाटलं होतं.

पण गंमत बघा, मऊ लेन्सचा गुणच मुळी पाणी पिणं हा आहे. ओट्टो विख्टर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने 1961 मध्ये घरीच, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे जोडून यंत्र बनवलं आणि त्यावर या लेन्स तयार केल्या, त्यासाठीचं प्लास्टिक पाणी शोषून मऊ राहणारं होतं म्हणून तर ती डोळ्याला टोचत नाही. आता अश्रूंची खारटपणाची पातळी साधारण 0.9 टक्के मिठाच्या पाण्याएवढी असते. तळ्याचं पाणी गोडं. ते लेन्समध्ये शिरलं की तिचा ताण बदलतो आणि ती कॉर्नियाला घट्ट धरून बसते. अशा वेळी ओढायची नाही, लेन्सवर चालणारे ड्रॉप्स किंवा निर्जंतुक सलाईन घालत राहायचं, वीस मिनिटं अर्धा तास थांबायचं, ती हलायला लागली की मग काढायची. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तो ओरखडा टळला असता.

आणि लेन्स पाणी पिते म्हणजे पाण्यातलं बाकी सगळंही तिच्याबरोबर येतं. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे अकॅन्थामिबा. हा एकपेशीय जीव तळ्यात असतो, समुद्रात असतो, मातीत असतो, अगदी नळाच्या पाण्यातही असतो, आणि परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती इतकं टणक कवच करतो की क्लोरीनलाही दाद देत नाही, म्हणून स्विमिंग पूल स्वच्छ दिसतो हे काही उत्तर नाही. लेन्सखाली तो अडकला आणि कॉर्नियावर बारीकसा जरी ओरखडा असला तर त्याला आत शिरायला वाट मिळते. हा आजार क्वचित होतो, हे खरं. पण झाला की ड्रॉप्स महिनोन्महिने घालावे लागतात, दुखणं भयंकर असतं, आणि काही जणांना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो. स्यूडोमोनास नावाचे बॅक्टेरिया वेगळेच, ते तर एक-दोन दिवसांत डोळ्याची वाट लावू शकतात. म्हणून लेन्स उतरवल्यावरही डोळा लाल राहिला, दुखायला लागला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं तर घरचे ड्रॉप्स घालून बघू वगैरे करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

मग करायचं काय? डॉक्टरांचं सरळ उत्तर, लेन्स आणि पाणी यांची गाठच पडू द्यायची नाही. म्हणजे लेन्स काढून उतरा. मी आधी हसले, पण विचार केला की स्की करताना मला नक्की बघायचं काय असतं? हँडल हातात असतं, बोट आणि तिच्या मागच्या लाटा धूसर का होईना दिसतात. नुसतं मागे उभं राहून ओढलं जायचं असेल तर तेवढं पुरतं. स्लॅलमचे बॉये बघून वळायचं असेल तर मात्र नंबर हवाच.

त्यासाठी वॉटर स्पोर्ट्सचे गॉगल मिळतात, पॉलिकार्बोनेटच्या काचा, डोक्यामागे पट्टा, पाणी निथळायला भोकं, पडले तर तरंगतात, काहींत नंबर घालून मिळतो. घेताना ओल्या तोंडावर घालून मान झटकून बघा, दुकानात लोक बघतील, बघू देत. पोहण्याचे छोटे गॉगल यासाठी नकोत. ते पाण्यात हळू सरकण्यासाठी असतात, वेगात आपटलात तर त्याची कड डोळ्याच्या खोबणीवर आदळते नाहीतर इलास्टिक ताणून परत फाडकन बसतं. आणि साधा घरचा चष्मा दोरी बांधून घालणारे मी पाहिलेत, त्यांना नमस्कार.

ज्यांना लेन्सशिवाय चालणारच नाही त्यांनी वरून गॉगल घालावा आणि रोज टाकायच्या लेन्स वापराव्यात, बाहेर आलं की हात धुऊन कोरडे करून लेन्स काढायची आणि फेकायची. सोल्युशनमध्ये भिजवून उद्या वापरू हा मोह मलाही होतो. कडक लेन्स तर मुळीच नकोत, त्या जेमतेम 9-10 मिलिमीटरच्या, कॉर्नियापेक्षाही लहान, पाण्याच्या एका फटक्यात गेल्या. पडलेली लेन्स पाण्यात सापडली, धुऊन घातली, असले पराक्रम कुणी सांगितले तर ऐकून सोडून द्या.

उन्हाचंही बघा, समुद्राचा फेस चांगलेच अतिनील किरण परत फेकतो, गॉगल यूव्ही 400 चा, म्हणजे हे किरण अडवणारा, घ्या. सनस्क्रीन लेन्सला हात लावून झाल्यावर, आधी नाही, आणि कपाळावर जरा कमी, घामाबरोबर ओघळतं ते.

एक गोष्ट लेन्सची नाही पण डोळ्याचीच. पडताना हँडल सोडायचं, लगेच. धरून ठेवलंत तर ते नाहीतर दोरी उसळून तोंडावर येते. आमच्यासारख्या मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, मुळात ताणलेला असतो, त्यामुळे जोराचा फटका बसल्यावर डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर थांबायचंच नाही, तडक डॉक्टर.

आता मी लेन्सशिवायच जाते, बोटीत कोरड्या पिशवीत चष्मा. अडचण एकच, बोटीतून आपल्यावर नजर ठेवणारा जो स्पॉटर असतो त्याच्या खुणा दिसत नाहीत. आमचा स्पॉटर म्हणजे माझा मावसभाऊ. अंगठा वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, हे 18 मीटरवरून मायनस साडेपाचला कसं दिसणार? मग ठरवलं की त्याने अख्खा हात वापरायचा. परवा तो दोन्ही हात वर करून जीव तोडून हलवत होता, मी पण एक हात सोडून मस्त टाटा केला. नंतर कळलं की तो सांगत होता, बोट वळतेय, सांभाळ.