तारिएल भारतीय आहे म्हणून नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी नीट सांगते. जॉर्जियातल्या तिबिलिसीला डॉक्टर व्हायला गेलेली मुलगी शोता रुस्तवेलीच्या 'वाघाचं कातडं पांघरलेला वीर' या काव्याचं वेड घेऊन परत आली आणि दवाखाना बंद झाल्यावर अजूनही ते वाचत बसते, हे कळलं की कुठल्याही लग्नघरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "त्यातला नायक भारतीय राजपुत्र आहे ना? म्हणून आवडत असेल." पाठोपाठ निकालही लागतो, "म्हणजे मुळात आपलंच की ते!"

नाही हो, आपलं नाही. तारिएल भारताचा आहे, त्याची नेस्तान-दारेजान भारताच्या राजाची, फारसदानची, मुलगी आहे, हे सगळं खरं. पण नेस्तानला पहिल्यांदा पाहून तारिएल बेशुद्ध पडतो, तेव्हा त्याच्या उशाशी कुराण वाचणारे बसतात. नावं फारसी वळणाची, दरबाराच्या रीती जॉर्जियाच्या. मित्र अवतांदिल अरबस्तानचा, तिसरा मित्र फ्रिदोन मुलघझानझार नावाच्या राज्याचा. अख्ख्या गोष्टीत जॉर्जियाचा एकही माणूस नाही. रुस्तवेली तर प्रस्तावनेतच सांगतो की ही फारसी कथा मी जॉर्जियनमध्ये आणली. ती मूळ फारसी कथा आजवर कुणाला मिळालेली नाही. आणि तरी हेच जॉर्जियाचं राष्ट्रीय काव्य. मुलीच्या रुखवतात याची प्रत द्यायची जुनी रीत होती. 1712 मध्ये राजा वाख्तांग सहाव्याच्या छापखान्यात ते पहिल्यांदा छापलं गेलं, पण त्याआधी कित्येक पिढ्या माणसं ते हातांनी उतरवत होती आणि पाठ करत होती. मुख्य रस्ता, नाट्यगृह, मेट्रोचं स्टेशन, सगळ्यांना रुस्तवेलीचं नाव. ज्यांची माणसं त्यात नाहीत त्यांनी ते इतकं आपलं केलं, आणि आपण एका नावावरून हक्क सांगायचा?

रुस्तवेलीला दूरचा देश कशासाठी हवा होता, ते त्याच्या काळातल्या जॉर्जियाच्या राणीचं, तामारचं, राज्य पाहिलं की कळतं. राजा गिओर्गी तिसऱ्याला मुलगा नव्हता. त्याने 1178 मध्ये, स्वतः हयात असताना, मुलीला, तामारला, आपल्या बरोबरीने राज्याभिषेक केला. 1184 मध्ये ती एकटी गादीवर आली. सरदारांनी तिच्यासाठी रशियातून नवरा आणला, युरी. दोन-तीन वर्षांत तिने त्याला देशाबाहेर घालवलं आणि दावित सोसलानशी लग्न केलं. आता काव्य पाहा. अरबस्तानचा राजा रोस्तेवान जिवंतपणी मुलीला, तिनातिनला, गादीवर बसवतो, आणि वजीर म्हणतात, सिंहाचे छावे सारखेच, नर असो वा मादी. भारतात मात्र उलटं घडतं. फारसदानलाही मुलगीच, पण तो मध्य आशियातल्या ख्वारझमच्या राजपुत्राला जावई करून राज्य त्याच्या हाती द्यायला निघतो. परका जावई आणला तर काय होतं, हे तामारच्याच दरबारात उघड बोलणं किती अवघड असेल! भारतात ते बोलता आलं. हे माझं मत आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

इतकं सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी ते काव्य पुन्हा पुन्हा उघडते ते यासाठी नाही. त्या जावयासाठी उघडते.

फारसदान लग्नाचा विचार करायला मसलत बोलावतो. तारिएल तिथे बसलेला असतो. नेस्तानशी त्याच्या आणाभाका झालेल्या, आणि तो काही बोलत नाही, होकार देतो. नेस्तान संतापते. मग तीच मार्ग सांगते: नवरदेव आला की त्याला मारून टाक. पण त्याच्या सैन्याला गाईगाढवांसारखं कापू नकोस, एवढ्या निरपराध रक्ताचा भार माणसाने कसा उचलावा? तारिएल रात्री जातो, तंबूचा पडदा फाडतो. राजपुत्र झोपलेला. तारिएल त्याचे पाय धरतो आणि डोकं तंबूच्या खांबावर आपटतो. लग्नाला आलेला तो पोरगा. त्याने काय केलं होतं?

आम्हाला परदेशी विद्यार्थ्यांना जॉर्जियन शिकवायला एक बाई होत्या. पेशंटशी बोलता यावं इतपत भाषा शिकवायची, एवढंच त्यांचं काम. पण मला वाचायचंय कळल्यावर त्या तास संपल्यावर थांबू लागल्या. तिकडे मुलं शिक्षकांना नुसतं "मास" म्हणून हाक मारतात, मीही तशीच मारायची. एकेक कडवं त्या आधी पाठ म्हणायच्या. सोळा-सोळा अक्षरांच्या चार ओळी, चौघींना एकच यमक. मग पुस्तक माझ्याकडे सरकवायच्या. खुनाच्या कडव्यापाशी मी विचारलं, "मास, या मुलाचं काय?"

त्या म्हणाल्या, आमच्याकडे शाळेत विचारतात ते तारिएलने काय करायला हवं होतं ते. तुझा प्रश्न कुणी विचारत नाही.

बाई सुखुमीच्या, म्हणजे जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियाच्या राजधानीतल्या. सप्टेंबर 1993 मध्ये तिथल्या युद्धात शहर पडलं, तेव्हा डोंगर ओलांडून चालत आलेल्यांपैकी. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "माझ्या घरात आता कुणीतरी राहतंय. तिथे जन्मलेलं एखादं मूल असेल. त्याने माझं काही केलेलं नाही. त्याचं काय व्हावं असं मला वाटतं, ते काही रात्री मला पक्कं ठाऊक असतं. तुला सांगणार नाही." पुस्तक मिटलं नाही त्यांनी. बोट त्याच पानावर ठेवून म्हणाल्या, वर वाच, वरचं कडवं सोडलंस तू.

वर तारिएल स्वतः बोलतोय. ही सगळी हकीकत तो गुहेत अवतांदिलला आपल्या तोंडाने सांगतो, सगळं हातचं गेल्यावर. तो म्हणतो, तंबूत शिरलो, तो तरुण कसा पडला होता, हाय, जिभेने सांगायलाही भय वाटतं. रक्त न सांडता मारलं मी त्याला, रक्त सांडणंच योग्य होतं तरी.

बाईंच्या मते तो "हाय" म्हणजे पश्चात्ताप. रुस्तवेलीला त्या मुलाची किंमत ठाऊक होती, तेवढ्या एका शब्दात त्याने ती मोजली. तेव्हा मला ते मुळीच पटलं नव्हतं. विशीतली मी म्हणायची, पश्चात्ताप असता तर ख्वारझममधल्या त्या मुलाच्या बापाबद्दल एक अक्षर तरी असतं. तारिएलला शेवटी नेस्तान मिळते, भारताचं राज्य मिळतं, तिला जिथे कोंडलेलं असतं तो कड्झेतीचा किल्ला फोडून तिघे मित्र तिला सोडवतात, दाने वाटली जातात. त्या मुलाचं नाव कुणी काढत नाही.

आता तितक्या जोरात म्हणवत नाही. नेस्तानने सैन्याचं रक्त नको म्हटलं होतं, आणि हा म्हणतो रक्त न सांडता मारलं. म्हणजे तिचा शब्द अक्षरशः पाळला, आणि तरी सांगताना जीभ अडखळते. ज्याला लपवायचं असतं तो पाय कसे धरले ते सांगत नाही. शिवाय शिक्षा झालीच की. त्या खुनामुळेच नेस्तानला समुद्रापार नेऊन टाकतात आणि तारिएल वाघाचं कातडं पांघरून रानात वर्षानुवर्षं रडत फिरतो. पण लगेच मनात येतं, तो रडतो ते नेस्तानसाठी. एकदाही त्या मुलासाठी नाही.

जेरुसलेमच्या क्रॉस मठात एका खांबावर रुस्तवेलीचं जुनं चित्र आहे, मोठ्या संतांच्या पायाशी गुडघे टेकलेलं. 2004 मध्ये कुणीतरी त्याचा चेहरा खरवडून काढला, पुढे तो दुरुस्त केला गेला. हे मी बाईंना फोनवर विचारलं होतं, बातमी ऐकून तुम्हाला काय वाटलं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, सगळी तिबिलिसी संतापली होती, मीसुद्धा. आणि लगेच, "त्या कडव्याचं तुझं काय ठरलं?"

ठरलेलं नाही. बाई "हाय"पाशी थांबतात, मी ख्वारझमच्या बापापाशी. फोनवर आमचा अजून यावरूनच वाद होतो.